ऐकणाऱ्यांतून म्हणणाऱ्यांत: साठीनंतरचे आरोग्य, विरंगुळा आणि तल्लख बुद्धी

गोव्याच्या गावात साठी ओलांडलेल्या माणसाला मान मिळतो आणि त्या मानापोटीच त्याच्या हातातली कामे एकेक करून काढून घेतली जातात. सप्ताहाला त्याला भिंतीला टेकून बसायला जागा करून देतात, जत्रेच्या नाटकाला पुढच्या रांगेतली खुर्ची देतात, चवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना "तुम्ही नुसते सांगा, आम्ही बांधतो" असे म्हणतात. हेतू चांगलाच असतो, परंतु काही वर्षांत तो माणूस स्वतःच्या गावात प्रेक्षक होऊन बसतो. निवृत्तीनंतर प्रकृती, मन आणि बुद्धी टिकवण्याची सुरुवात, माझ्या मते, ही जागा सोडून पुन्हा करणाऱ्यांत जाण्यापासून होते. व्यायाम आणि आहार यांचा क्रम त्यानंतर लागतो, कारण आपली कोणीतरी वाट पाहत आहे हे ज्याला ठाऊक असते, तो चालतोही नियमाने आणि जेवतोही वेळेवर.

याला वैद्यकाचाही आधार आहे. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली. ऐकू कमी येणे, दृष्टिदोषावर उपचार न करणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, बैठेपणा, धूम्रपान, अति मद्यपान, डोक्याला मार, नैराश्य, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण आणि लहानपणी कमी झालेले शिक्षण ही ती कारणे होत. ती सगळी दूर करता आली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांतला आजार टळू किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे आणि एकट्या माणसाला त्यातून कोणतीही हमी मिळत नाही. तरीही यादीतल्या बहुतेक गोष्टी सत्तरीतसुद्धा आपल्या हातात असतात, हे त्यातून कळते.

गोव्यातील मराठी माणसाला यासाठी तयार मिळालेले साधन म्हणजे भजन. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह शतकाहून अधिक काळ चालत आला आहे आणि त्यात पाळीपाळीने अखंड २४ तास भजन होते. कला अकादमीच्या भजन स्पर्धांत पुरुष, महिला आणि बालकलाकार अशी तिन्ही पथके उतरतात. त्यामुळे शिकण्यासाठी मंडळ शोधत लांब जावे लागत नाही. मात्र तेथे जाऊन काय करायचे, हे नीट ठरवावे. लहानपणापासून पाठ असलेले अभंग म्हणण्यात आनंद आहे आणि तो अवश्य घ्यावा, पण त्यात बुद्धीला नवे काही करावे लागत नाही. म्हणून पंधरवड्याला एक नवा अभंग पाठ करण्याचा नेम धरावा.

त्याची रीत अशी. अभंग वहीत स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावा. मोठ्या अभंगाच्या चरणांत ६, ६, ६ आणि ४ अक्षरे येतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. ते यमक आधी अधोरेखित करावे, कारण पुढे शब्द अडला की तेच हाताशी येते. मग दोन-तीनदा मोठ्याने वाचून वही मिटावी आणि आठवेल तेवढे म्हणावे. अडखळल्याबरोबर वही उघडायची नाही, निदान अर्धा मिनिट तरी आठवण्याचा प्रयत्न करायचा. वाचन कितीही वेळा केले तरी त्याने जे साधत नाही, ते या आठवण्याच्या कष्टाने साधते. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने हीच उजळणी करावी. शब्द पक्के झाले की टाळ हातात घ्यावेत. भजनी ठेका ८ मात्रांचा असतो आणि तोंडाने शब्द, हाताने लय, कानाने पेटीचा सूर असे तिन्ही सांभाळताना सुरुवातीला चूक होतेच. चूक झाली तरी टाळ थांबवू नयेत, पुढच्या समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, पुन्हा सामील व्हावे. बैठकीतून उठण्या-बसण्याने पायांनाही काम मिळते. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीवर बसून म्हणायला कोणाची हरकत नसते. ज्येष्ठ स्त्रियांना फुगडी झेपत नसली तरी फुगडीची आणि धालो या स्त्रियांच्या लोकनृत्याची गाणी नव्या मुलींना शिकवणे हे त्यांच्याशिवाय कोणाला जमणार नाही असे काम आहे.

भजनाची आवड नसलेल्यांनी दुसरे काही निवडावे, फक्त दोन कसोट्या लावाव्यात: ते करताना प्रारंभी चुका झाल्या पाहिजेत आणि ते शक्यतो इतरांच्या संगतीने करता आले पाहिजे. जत्रेच्या मराठी नाटकाला प्रॉम्प्टर लागतोच, आणि संहितेवर एक डोळा व नटावर दुसरा ठेवून दोन-तीन तास सावध राहणे ही मोठी कसरत आहे. ज्यांच्या घरी देवस्थानाचे किंवा जमिनीचे जुने कागद आहेत त्यांनी मोडी लिपी शिकावी. गोवामुक्तीपूर्वी पोर्तुगीज शाळेत गेलेल्यांनी त्या भाषेतले घरचे दस्त नातवंडांसाठी मराठीत उतरवून ठेवावेत. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याची परंपरा १८३२ पासूनची आहे. महिन्यातून एकदा तिकडची फेरी ठरवली तर बसचा प्रवास, जिने, पुस्तके आणि ओळखीची माणसे हे सगळे एकाच दिवसात पदरी पडते. वर्तमानपत्रातले शब्दकोडे जरूर सोडवावे, पण वीस वर्षे तेच सोडवणाऱ्याचे मुख्यतः कोडे सोडवण्याचेच कसब वाढते.

आता कान. या विषयाकडे आपल्याकडे जेवढे दुर्लक्ष होते तेवढे दुसऱ्या कशाकडेही होत नाही, आणि म्हणून मी तो औषधांच्याही आधी घेतो. वयानुसार ऐकू कमी येऊ लागते तेव्हा प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे नातवाचे आणि सुनेचे बोलणे नीट कळत नाही, "काय?" असे दोनदा विचारावे लागते, तिसऱ्यांदा विचारण्याची लाज वाटते आणि माणूस हसून मान डोलावू लागतो. गप्पांतून तो असा आपोआप बाहेर पडतो. दूरचित्रवाणीचा आवाज घरच्यांना मोठा वाटू लागला, चार जण एकदम बोलताना गोंधळ होऊ लागला, की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. तसे नसेल तर श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवणयंत्र बसवल्यावर पहिल्या आठवड्यात भांड्यांचा, पंख्याचा आणि स्वतःच्या आवाजाचाही त्रास होतो, आणि नेमके तेव्हाच बरेच जण ते कपाटात ठेवून देतात. तसे न करता आधी शांत खोलीत एका माणसाशी बोलताना तास-दोन तास वापरावे, मग जेवणाच्या वेळी, मग अंगणात, आणि देवळातल्या मंडपात सर्वांत शेवटी. मेंदूला या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. यंत्र टोचत असेल किंवा शिट्टी वाजत असेल तर ते पुन्हा जुळवून घ्यावे. डोळ्यांचे थोडक्यात सांगता येईल: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उगाच लांबवू नये आणि मधुमेह असल्यास पडद्याची तपासणी दरवर्षी करावी.

शरीराच्या हालचालीविषयी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस स्पष्ट आहे: ६५ वर्षांवरील व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीने चालण्यासारखा व्यायाम करावा, निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा आणि तीन दिवस तोल सुधारणारा व्यायाम करावा. चालणे बहुतेक जण करतात, ताकद आणि तोल यांचा मात्र विसर पडतो. आपली स्थिती तपासण्यासाठी हातांचा आधार न घेता, छातीशी हात बांधून, खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येते ते मोजावे. ६५ ते ६९ वर्षांच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा जमले तर पडण्याचा धोका जास्त आहे असे समजावे. उपायही तोच आहे. खुर्ची भिंतीला टेकवून रोज दहा-दहा वेळा दोन फेऱ्या कराव्यात आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला बोटे टेकवून एकेका पायावर दहा सेकंद उभे राहावे. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर तापते. उन्हाळ्यात चालणे सकाळी आठच्या आत उरकावे, आणि वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होत असल्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

पावसाळा हा आपल्याकडे पडण्याचा काळ आहे. चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि तुळशीवृंदावनाभोवती जूनपासून शेवाळ धरते, आणि सकाळी ओल्या पायांनी प्रदक्षिणा घालताना तोल जातो. आगोटीपूर्वीच्या कामांत कौले चाळण्याबरोबर अंगणातील वाट खरवडून घेणे आणि बल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, पायऱ्यांना कठडा बसवणे यांचाही समावेश करावा. न्हाणीघरात शौचकूपाशेजारी आणि नळापाशी भिंतीत पक्की दांडी बसवावी. टॉवेल अडकवण्याची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. रात्री उठताना क्षणभर पलंगाच्या कडेला बसून मग उभे राहावे, विशेषतः रक्तदाबाची गोळी चालू असल्यास. रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्याच्या डोक्याला मार बसला तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात जावे.

आहारात आपली परंपरा वाईट नाही, पण म्हातारपणी ती निम्मीच उरते. एकट्या राहणाऱ्याला दुपारी पेज आणि तोराचे (कोवळ्या कैरीचे) लोणचे, रात्री पाव आणि चहा एवढ्यावर भागवण्याची सवय लागते. अशा जेवणात प्रथिने जवळजवळ नसतात आणि मीठ भरपूर असते. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत असे बरेच तज्ज्ञ सांगतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शंभर ग्रॅम मासळीतून साधारण १८ ते २० ग्रॅम आणि एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे हृदयाला उपकारक असलेल्या चरबीच्या बाबतीत महागड्या माशांच्या तोडीस तोड आहेत. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत आणि मागोमाग येणाऱ्या श्रावणात ताटातली मासळी जाते. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, खारवलेल्या बांगड्यांवर हे दिवस काढले तर मीठ वाढते, म्हणून त्या काळात अळसांदे (चवळीचा प्रकार), मूग, मसूर, अंडी आणि दही वाढवावे. श्रावण पाळणाऱ्याने अंडी सोडून बाकीचे घ्यावे. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा आहे, आणि लोणचे-पापडातले मीठ त्यातच धरायचे. पूर्ण शिवराक (शाकाहारी) असणाऱ्यांनी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. झोप येण्यासाठी फेणी घेऊ नये. तिने झोप तुटक होते आणि रात्री तोलही जातो.

सगळी औषधे, आयुर्वेदिक चूर्णांसह, वर्षातून एकदा पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवावीत आणि कोणती बंद करता येईल असे स्वतःहून विचारावे.

मुले मुंबईत, बंगळुरूत किंवा आखातात आणि मोठ्या घरात दोघे किंवा एकटे, हे चित्र गावोगावी आहे. मुलांच्या फोनची वाट पाहण्याऐवजी वार आणि वेळ ठरवून घ्यावी, आणि त्या वेळी प्रकृतीची चौकशी पाच मिनिटांत संपवून नातवंडाला काहीतरी शिकवावे: या आठवड्याला खतखत्याची कृती, पुढच्या आठवड्याला पाठ केलेला अभंग. शेजाऱ्याकडे घराची एक किल्ली असावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटेना, भूक गेली, पहाटे जाग येऊन मन काळवंडू लागले, तर ते वयाचे लक्षण समजून सोसू नये. नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे सगळ्यांचेच होते. रोजच्या बाजारातून घरची वाट न सापडणे, नेहमीच्या आमटीचा क्रम चुकणे, पैशांचा हिशेब अचानक न जमणे ही वेगळी लक्षणे आहेत आणि ती बहुधा घरच्यांना आधी दिसतात. तेव्हा लपवाछपवी न करता तपासणी करावी. थायरॉइड, बी-१२, नैराश्य किंवा एखादे औषध यांमुळेही असे होते आणि ते सुधारता येते.

एक गोष्ट मात्र थांबून चालणारी नसते. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात वर उचलता येईना किंवा बोलणे अचानक अडखळू लागले, तर तो पक्षाघात समजून ताबडतोब १०८ ला फोन करावा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, त्यामुळे थोडे पडून राहिल्याने बरे वाटेल या आशेवर वेळ दवडू नये. तोंडात पाणी, जेवण किंवा गोळी घालू नये. माणूस शेवटचा व्यवस्थित दिसला ती वेळ कागदावर लिहून, चालू औषधांच्या चिठ्ठीसह, रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांच्या हाती द्यावी.