कॉर्डलेस सर्क्युलर सॉ घेताना तुलना नेमकी कशाची करायची?

पहिलं कॉर्डलेस सर्क्युलर सॉ मशीन, म्हणजे बॅटरीवर चालणारी गोल पात्याची करवत, मी खोक्यावरचा व्होल्टचा आकडा बघून घेतलं. तिसऱ्याच दिवशी १८ मिमी प्लायची अख्खी शीट उभी चिरायला घेतली आणि अर्ध्यावर पातं अडलं. ट्रिगर सोडला, मशीन जरा मागे घेतलं, पुन्हा चालू केलं. वीतभर पुढे सरकलं आणि परत अडलं. बॅटरीला हात लावला तर चांगलीच तापलेली. मशीनच टाकाऊ निघालं म्हणून ते परत करायच्या बेतात होतो. तेवढ्यात ओळखीचे एक सुतार आले. त्यांनी आपल्या पेटीतली त्याच कंपनीची मोठी बॅटरी त्याला लावली आणि उरलेली शीट त्याच मशीनने एका दमात चिरली.

तेव्हापासून ‘कुठलं मशीन चांगलं?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘कुठल्या बॅटरीवर, कुठल्या पात्याने, आणि कापायचंय काय?’ एका मशीनला लहान बॅटरी आणि दुसऱ्याला मोठी लावून केलेली तुलना म्हणजे एकाच्या पायात दगड बांधून लावलेली शर्यत. दुर्दैवाने बहुतेक तुलना तशाच असतात. खाली दिलेला क्रम ती चूक टाळण्यासाठी आहे.

पायरी १ : काय कापणार ते आधी लिहून काढा

कागदावर तीन गोष्टी लिहा. सगळ्यात जाड काय कापणार? तिरका, म्हणजे ४५ अंशांचा काप लागणार का? आणि उभं चिरणं जास्त की आडवं कापणं? उभा काप लांब असतो आणि मोटरला तेवढा वेळ सलग ओढावं लागतं. फळीचे आडवे तुकडे पाडताना तिला मध्ये मध्ये श्वास घ्यायला मिळतो. आठवड्यातून चार फळ्या कापणाऱ्याची आणि रोज प्लायच्या शीट चिरणाऱ्याची गरज एका मशीनमध्ये क्वचितच बसते.

पायरी २ : पात्याचा व्यास ठरवा

बाजारात मुख्यतः तीन मापं दिसतात : १४० मिमीच्या आसपासची लहान मशीन, १६५ मिमी, आणि १८४ ते १९० मिमी. इंचांत सांगायचं तर साधारण साडेपाच, साडेसहा आणि सव्वासात. व्यासाच्या निम्मी खोली मिळेल असं वाटतं, पण मध्ये पातं धरणारी चकती आणि गिअरची पेटी येते, शिवाय तळपट्टीची, म्हणजे लाकडावर टेकणाऱ्या सपाट पट्टीची, जाडी असते. त्यामुळे १६५ च्या पात्याला सरळ कापात साधारण ५५ मिमी खोली मिळते आणि १९० च्या पात्याला ६५ च्या आसपास.

मशीन ४५ अंशांत तिरकं केलं की ही खोली सुमारे ०.७ पट होते, म्हणजे ५५ ची ३९ आणि ६५ ची ४६. आता ३८ मिमी जाडीची फळी तिरकी कापायची असेल, तर १६५ चं मशीन जेमतेम पार जाईल आणि फळी जरा जाड निघाली की खाली पापुद्रा लटकत राहील. तुमच्या कागदावर जाड लाकूड आणि तिरका काप दोन्ही असतील तर मोठं पातं घ्या. नुसता प्लाय, बोर्ड आणि पातळ फळ्या असतील तर १६५ पुरेसं आहे; ते हलकं असतं, आणि दिवसाच्या शेवटी मनगटाला त्याचा फरक कळतो.

पायरी ३ : व्होल्टचं गणित उलगडा

१८ व्होल्ट आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ हे दोन गट नाहीत. दोन्हीत एकामागे एक जोडलेले पाच लिथियम-आयन सेल असतात. प्रत्येकाचा सरासरी विद्युतदाब (व्होल्टेज) ३.६ व्होल्ट धरला तर पाचांचे १८ होतात. पूर्ण चार्ज असताना, भार नसताना मोजलं तर आकडा वीसच्या घरात जातो. एका खोक्यावर एक आकडा छापतात, दुसऱ्यावर दुसरा. हीच गंमत वरच्या गटातही आहे : मकिताची ४० व्होल्ट मॅक्स बॅटरी सरासरी ३६ व्होल्टची, डीवॉल्टची ६० व्होल्ट मॅक्स सरासरी ५४ ची. तेव्हा तुलनेच्या कागदावर प्रत्येक ठिकाणी सरासरी आकडाच लिहा.

३६ आणि ५४ व्होल्टच्या मशीनचा फायदा मात्र खरा आहे. तेवढंच काम करायला विद्युतप्रवाह कमी लागतो आणि तापणं कमी होतं. जाड, ओल्या लाकडात रोजचं काम असेल तर तो पैसा वसूल होतो. घरातल्या हौशी कामाला १८ चा गट खुशाल घ्या.

पायरी ४ : बॅटरीच्या पोटात डोकावा

माझ्या मते निम्मा निर्णय इथे होतो, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात.

बॅटरीतली साठवण वॅट-तासांत मोजा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. ५ अँपिअर-तास म्हणजे ९०. आता समजा लांब कापात मशीन ९०० वॅट खेचतंय. मोठी बॅटरी कागदावर सलग ६ मिनिटं पुरते, लहान अडीच मिनिटंही नाही.

पण माझी शीट अर्ध्यावर अडली ती बॅटरी संपली म्हणून नव्हे, तिच्यात चार्ज भरपूर होता. १८ व्होल्टवर ९०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. लहान बॅटरीत पाच सेलची एकच रांग, म्हणून प्रत्येक सेलमधून सगळे ५० अँपिअर जाणार. ५ अँपिअर-तासांच्या नेहमीच्या बॅटरीत दहा सेल, दोन रांगांत. प्रत्येकाच्या वाट्याला २५. एकट्या रांगेवर भार आला की सेल तापतात, विद्युतदाब खाली बसतो आणि शेवटी बॅटरीतलं संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं. आपल्याला वाटतं मोटर कमजोर आहे.

म्हणून अँपिअर-तासांसोबत सेल किती आणि कोणत्या मापाचे हेही विचारा. जुने सेल १८ मिमी व्यासाचे आणि ६५ मिमी लांबीचे, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. नवे २१७००, म्हणजे २१ मिमी व्यास आणि ७० मिमी लांबी. जाड सेल सहसा जास्त प्रवाह सहज देतात. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर बॅटरीचा आकार आणि वजन बघा : एका रांगेची बॅटरी चपटी आणि हलकी असते, दोन रांगांची ठळकपणे उंच.

याच पायरीवर स्वतःला एक प्रश्न विचारा : घरात आधीच कुठल्या कंपनीचं ड्रिल आहे? एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही, म्हणून पहिल्या खरेदीत तुम्ही बॅटरीचं अख्खं घराणं निवडत असता. त्या घराण्यात पुढे तुम्हाला सँडर, जिगसॉ, ग्राइंडर मिळणार का, तेही बघून ठेवा. दोन मशीनमध्ये उन्नीस-बीसचा फरक असेल तर मी डोळे मिटून आहे त्या बॅटरीवर चालणारं घेईन.

पायरी ५ : मोटर आणि वेग

ब्रशलेस घ्या. साध्या मोटरमध्ये कार्बन ब्रश घासत राहतात, त्यात ऊर्जा जाते आणि ते झिजून बदलावे लागतात. ब्रशलेसमध्ये ती भानगड नाही आणि त्याच बॅटरीवर जास्त काप निघतात. यावर अधिक विचार करण्यासारखं काही नाही.

मिनिटाला फेऱ्यांचा छापील आकडा बिनभाराचा असतो. शिवाय मिनिटाला ५,००० फेऱ्या १४० मिमीच्या पात्याच्या दाताला सेकंदाला सुमारे ३७ मीटर वेग देतात आणि १९० च्या पात्याला ५०. तेव्हा वेगवेगळ्या व्यासांच्या मशीनचे हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून काही कळत नाही. भाराखाली वेग किती टिकतो ते कानाला कळतं. त्याची चाचणी पुढे आहे.

पायरी ६ : बॅटरी काढून मशीन हातात घ्या

बॅटरी आधी काढा, मग पात्याजवळ बोटं न्या. हे दर वेळी.

तळपट्टीवर आडवी-उभी स्टीलची पट्टी ठेवून खालून उजेड येतो का बघा. पत्र्याची तळपट्टी एकदा पडली की वाकते. ओतीव अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची कडक असते, मात्र जोरात आपटली तर तडकू शकते.

मग पातं तळपट्टीच्या कडेला समांतर आहे का ते मोजा. पात्याच्या एका दातावर पेनने खूण करा, तो दात पुढे आणून कडेपासूनचं अंतर घ्या, मग तोच दात फिरवून मागे न्या आणि पुन्हा मोजा. दात एकच ठेवायचा, नाहीतर पात्याचा वाकडेपणा मशीनच्या माथी मारला जाईल. दोन मापांत फरक असेल तर पातं कापात तिरकं घासणार, लाकूड जळणार आणि बॅटरी उगाच संपणार.

शून्य अंशावर गुण्या (सुताराचं काटकोन तपासायचं साधन) लावून पातं आणि तळपट्टीतला काटकोन बघा. खालचा गार्ड, म्हणजे पातं झाकणारं सरकतं कवच, हाताने मागे ढकलून सोडा; तो झटकन आणि पूर्ण बंद व्हायला हवा. खोलीचा आणि कोनाचा खटका हातमोजे घालून फिरवता येतो का, हेही बघा. शेवटी बॅटरी लावून, ट्रिगरला हात न लावता, मिनिटभर कामाच्या पवित्र्यात धरा. कागदावरचं वजन पुष्कळदा बिनबॅटरीचं असतं.

पातं डाव्या बाजूला की उजव्या? उजव्या हाताने काम करणाऱ्याला डावीकडचं पातं रेघेवर सरळ दिसतं. उजवीकडच्या पात्यात तळपट्टीचा रुंद भाग आधार असलेल्या फळीवर बसतो, पण रेघ बघायला मशीनवरून वाकावं लागतं. मला डावीकडचं आवडतं. हा सवयीचा भाग आहे, भांडण्याचा नाही.

पायरी ७ : पातं सारखं करून मग कापा

मशीनसोबत येणारी पाती सारखी नसतात. एकाचा काप १.६ मिमी रुंद, दुसऱ्याचा २.४, दुसरं पातं दीडपट लाकडाचा भुसा करतंय. अशा स्थितीत बॅटरी कुणाची लवकर संपली याला अर्थ नाही. शक्य असेल तर एकाच मापाचं, एकाच दातसंख्येचं पातं दोन्हींना लावा. पात्याचं मधलं भोक आधी मोजा, १५.८८, २० आणि ३० मिमी अशी वेगवेगळी मापं असतात. दुकानदार पातं बदलू देत नसेल तर मशीन असलेल्या ओळखीच्या सुताराला गाठा.

चाचणीचं लाकूड तुमच्या कागदावरच्या कामातलं घ्या. फळी टेबलाला आवळा, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण चढवा. पातं फळीच्या खाली ५ मिमीच्या आसपास येईल एवढंच ठेवा. आधार असा द्या की काप पुढे सरकताना फटीचं तोंड उघडं राहील. मध्येच फळी खचून फट मिटली तर ती पात्याला पकडते आणि मशीन उसळून तुमच्याकडे येतं. म्हणून पात्याच्या सरळ मागे उभं राहू नका, किंचित बाजूला रहा. दात खालून वर येतात, त्यामुळे वरच्या बाजूला चिलप्या उडतात; चांगली बाजू खाली ठेवा.

पहिला काप मीटरभर लांब, उभा आणि एकसारख्या दाबाने घ्या. आवाजाकडे लक्ष ठेवा. चांगल्या मशीनचा आवाज भार आल्यावर थोडा उतरतो आणि तिथेच टिकतो. कमजोर मशीनचा सूर उतरतच जातो. काप संपला की ट्रिगर सोडा आणि पातं थांबेपर्यंत मनात सेकंद मोजा. इलेक्ट्रिक ब्रेक असलेलं पातं दोनेक सेकंदांत थांबतं, नसलेलं बराच वेळ भिरभिरतं. मी ब्रेक नसलेलं मशीन घेणार नाही.

दुसरा काप आडवा. झाल्यावर दोनपैकी एक तुकडा उलटा करा आणि कापलेल्या कडा सपाट टेबलावर एकमेकांना भिडवा. वर किंवा खाली फट दिसली तर काटकोन चुकलाय, आणि ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. गुण्याला न दिसणारी चूक इथे दिसते.

तिसरा काप ४५ अंशांत, फळीच्या टोकाची अगदी पातळ कड उडवणारा. स्वस्त मशीनचा गार्ड इथे हमखास अडतो. अडला तर हाताने वर बांधून काम चालवायचा मोह होतो, आणि अपघात तिथेच होतात. माझ्या यादीतून अशी मशीन लगेच बाद होतात.

भुसा कुठे उडतो तेही बघा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत लाकडाचा भुसा पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, गणला जातो; त्यामुळे बंद खोलीत काम करणाऱ्यासाठी मशीनला भुसा ओढणारा व्हॅक्यूम जोडायचं तोंड ही चैन नव्हे.

पायरी ८ : पूर्ण संचाची किंमत लावा

नुसत्या मशीनची किंमत फसवी असते. मशीन, किमान एक दोन-रांगी बॅटरी, जलद चार्जर आणि एक बरं पातं, एवढी बेरीज प्रत्येक पर्यायासाठी करा. काही संचांत दोन बॅटऱ्या ‘फुकट’ असतात आणि दोन्ही एका रांगेच्या निघतात. अशा दोनपेक्षा एक मोठी बरी.

मशीन घरी आल्यावर खोकं लगेच फाडू नका. परत करायची मुदत संपायच्या आत, कागदावरचा सगळ्यात अवघड काप त्याच बॅटरीवर मारून बघा.