‘नवीन’ लिहिताना बोट का अडखळतं? मराठी टायपिंग शिकताना या चुका टाळा

तळहात टेबलावर पालथा टेकवा. मधलं बोट मुडपून तळहाताखाली घ्या आणि आता बाकीची बोटं एकेक करून उचलून बघा. अंगठा, तर्जनी, करंगळी सहज उचलली जातील. अनामिका मात्र जागची हलायला तयार नसते. कारण बोट उचलणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. तिथून येणाऱ्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना बांधलेल्या असतात.

टायपिंगच्या क्लासला पहिल्या आठवड्यात ‘माझी बोटंच जड आहेत’ असं कुणी ना कुणी म्हणतंच. मग कुणीतरी रबरी चेंडू दाबायचा सल्ला देतं. चेंडूने मूठ घट्ट होते. कीबोर्डला हवा असतो हलका, सुटा स्पर्श. चेंडू घरातल्या पोराला देऊन टाका.

मी इथे इन्स्क्रिप्टबद्दल, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कळांच्या मांडणीबद्दल लिहितोय. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणलेला हा कीबोर्ड विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की आयता मिळतो. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून बरेचजण याच्याकडे वळतात. आणि वळताना इंग्रजी टायपिंगचे धडे तसेच्या तसे गिरवतात. पहिली मोठी चूक ती.

इन्स्क्रिप्टमध्ये जवळपास सगळे स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यामुळे ‘का’, ‘पी’, ‘ते’ लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात, अगदी झिम्म्यासारखे. पण म, न, व ही तीन अक्षरं डावीकडे खालच्या ओळीत बसली आहेत, आणि मराठीत त्यांच्यावाचून पान हलत नाही. ‘नवीन’ लिहून बघा: न, व, ी, पुन्हा न. चारही कळा एकट्या डाव्या तर्जनीच्या. ‘आम्ही’मध्ये आ, म आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) अशा तीन कळा लागोपाठ डाव्या मधल्या बोटाने, तेही वरची ओळ, खालची ओळ, मधली ओळ अशा उड्या मारत. उजव्या करंगळीचे हाल तर विचारू नका. च, ज, ट, ड, य सगळे तिच्याकडे. ‘च्या’ हा प्रत्यय एका परिच्छेदात किती वेळा येतो ते मोजा, म्हणजे तिच्यावरचा भार कळेल.

तेव्हा वेग अडतोय असं वाटलं की उतारेच्या उतारे बडवत बसू नका. कुठल्या शब्दाशी हात थबकतो ते कागदावर टिपा आणि तेवढेच आठ-दहा शब्द सावकाश घ्या. डोळे मिटून स्वतःचाच आवाज ऐका. टक, टक, टक सारख्या अंतराने आलं पाहिजे. ‘टक-टक…टक’ असं झालं की बोट शोधाशोध करतंय. आणखी हळू व्हा. कळ दाबली की बोट मधल्या ओळीवर परत आलं पाहिजे. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे त्यासाठीच आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे ि आणि र येतात.

कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवणं ही आणखी एक गोड चूक. पहिले चार दिवस बरं वाटतं, मग मान कायमची खाली. तक्ता छापून पडद्याशेजारी लावा आणि हातांवर रुमाल टाका.

शिफ्टची गडबड फार जणांची असते. नियम सोपा: अक्षर ज्या हाताचं, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताचं. ख, थ, ध, ळ उजवीकडे आहेत, म्हणून डावं शिफ्ट. अ, आ, ई, ण डावीकडे, म्हणून उजवं. सगळ्यालाच डावं शिफ्ट वापरणाऱ्यांचा ‘आई’ लिहिताना डावा पंजा खेकड्यासारखा वाकडा होतो, आणि संध्याकाळी मनगट दुखलं की दोष खुर्चीला.

जुन्या टाइपरायटरवर किंवा त्याच धाटणीच्या रेमिंग्टन पद्धतीत शिकलेल्यांची अडचण वेगळीच. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, रफार नंतर. इथे उच्चाराप्रमाणे चालायचं. आधी वेलांटी मारली तर पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ‘धर्म’ म्हणजे ध, र, हलन्त, म. शिवाय मशीनवर ठोसा मारून अक्षर उमटवायची सवय इथे सोडावी लागते. कळ नुसती टेकली तरी पुरते.

‘दुसर्‍या’ आणि ‘सूर्या’तला र एकच समजू नका. शिफ्ट धरून र दाबला की नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ येतो. त्यापुढे हलन्त आणि य घेतला की ‘ऱ्य’ बरोबर जुळतो. साध्या र ने रफार चढतो आणि शब्द ‘दुसर्या’ असा बिघडतो.

बॅकस्पेसबद्दल माझं मत जरा कडक आहे. सरावाची पहिली दहा मिनिटं तिला हात लावू नका. ती कळही त्याच दमलेल्या उजव्या करंगळीची, आणि तिथवर जाताना हात जागेवरून सुटतो. चुका तशाच राहू द्या, शेवटी मोजा. बहुतेक चुका एकदोन बोटांच्याच निघतील, आणि उद्याचा सराव कशाचा करायचा तो प्रश्नही सुटेल.

सकाळी क्लासला दहा बोटं आणि दिवसभर ऑफिसात दोन, हे मीही बरेच महिने केलं. दोन बोटांनी काम लवकर उरकतं ना! दहा बोटांवर आल्यावर सुरुवातीला वेग खरंच पडतो, साहेब मागे उभे असले तर जास्तच. पण जुनी सवय रोज आठ तास आणि नवी अर्धा तास, तर जिंकणार कोण? निदान ईमेल तरी दहा बोटांनीच लिहा. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं दोनदा बसा.

कीबोर्डमागचे पाय उघडू नका, त्याने मनगट वर मोडतं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या यायला लागल्या तर सराव थांबवून डॉक्टरांना हात दाखवा.

सरावासाठी माझं एक वाक्य घ्या: ‘आम्ही नवीन घराच्या दुसऱ्या मजल्यावर आईच्या जुन्या चटया वाळवल्या.’ चटया लिहिताना करंगळीला लागोपाठ तीन कळा घ्याव्या लागतात, तिथे घाई करू नका.