अर्धवट एमजीबीची ओळख अशी पटवली
इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ १९६६ ची म्हणून एक एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, विकायला होती. सांगाड्यावर राखाडी प्रायमर, बाकी सगळं खोक्यांत. चॅसी नंबरच्या पट्टीवर जीएचएन३ हा सुरुवातीच्या एमजीबी रोडस्टरचा कोड बरोबर होता, पण ती ठोकणारे रिव्हेट नवे कोरे. पट्टी काय, कुठलीही कुठेही ठोकता येते! मी पैसे अडवून धरले आणि मालकाला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याच्या जुन्या नोंदींचा दाखला, मागवायला लावलं. त्यात मूळ रंग टार्टन रेड. डॅशबोर्डमागच्या कोपऱ्यात मळ पुसला, तर तोच लाल! गिअरबॉक्सचा बोगदाही, म्हणजे त्यावरचा तळाचा उंचवटा, अरुंद. १९६७ अखेर आलेल्या मार्क टू या पुढच्या आवृत्तीमध्ये तो रुंद झाला. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. इंजिनाचा नंबर मात्र सर्टिफिकेटशी जुळेना, म्हणून किंमत उतरवून घेतली. मग खोकी जमिनीवर रिकामी करून, एकेका भागाची यादी करूनच गाडी उचलली.