टेक्सासच्या डान्सहॉलमध्ये वाजवायला जाताना: कपडे, हॅट आणि वागणूक

आधी सरळ सांगते. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताच्या बँडमध्ये तुम्हाला पुन्हा बोलावतील की नाही, हे तुमच्या सोलोवर फार कमी ठरतं. वाजवता येत नसतं तर पहिला फोनच आला नसता. दुसरा फोन येतो तो वेळेवर पोचणाऱ्याला, गाणी बसवून आणणाऱ्याला आणि स्टेजवर बँडचाच माणूस वाटणाऱ्याला.

मी मिरजेची. तिथे मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून शिकले. आता आठवडाभर नोकरी करते आणि शुक्रवार-शनिवारी ह्यूस्टन ते सॅन अँटोनिओ या पट्ट्यातल्या डान्सहॉलमध्ये उभी राहून फिडल, म्हणजे तेच व्हायोलिन, वाजवते. मंडळाच्या गणपतीत भेटणारी पोरं विचारतात, "ताई, आम्हालाही वाजवायचंय, काय काय लागतं?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. वाजवायचं कसं हे यात नाही, त्याला रियाझ आहे.

पहिली गोष्ट कागदांची, कारण उत्साहाच्या भरात ती कुणी विचारत नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर परवानगीशिवाय बाहेर पैसे घेऊन वाजवता येत नाही, आणि टिप जारमधल्या नोटासुद्धा पैसेच आहेत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केलाय तिच्यासाठीच काम करता येतं. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात असल्याशिवाय नाही. "फुकट वाजवतो मग" म्हणण्याआधीही वकिलाला विचारा. तोवर घरगुती जॅमला जा, गाणी पाठ करा. ग्रीन कार्डवाल्यांनी पुढे वाचावं. बाकीच्यांनीही वाचावं, नंतर उपयोगी पडेल.

आता कपडे. एखाद्या शनिवारी न्यू ब्राउनफेल्सच्या ग्रीन हॉलमध्ये किंवा ऑस्टिनच्या ब्रोकन स्पोकमध्ये नुसते प्रेक्षक म्हणून जा आणि स्टेजकडे पाठ करून माणसं बघा. ग्रीन हॉल १८७८चा, ब्रोकन स्पोक १९६४चा, आणि दोन्हीकडे लोक नाचायला येतात. आठवडाभर रिफायनरीत, गोठ्यात नाहीतर ट्रकवर राबलेला माणूस त्या रात्री घरातली सगळ्यात चांगली जीन्स काढतो. ती लाँड्रीत खळ घालून आणलेली असते. टेक्सासात लाँड्रीवाला जीन्सलासुद्धा विचारतो, खळ हलकी, मध्यम की जड? जड सांगितली की आमच्याकडच्या कार्यकर्त्याच्या पांढऱ्या खादीसारखी घडी पडते, पँट भिंतीला टेकवून उभी राहील अशी. बूट पॉलिश केलेले, बायकोचे केस सेट केलेले. आणि समोर स्टेजवर तुम्ही हाफ पँट आणि सॉफ्टवेअर कंपनीचा फुकटातला टी-शर्ट घालून उभे. तो काही बोलणार नाही, पण त्याने आपल्यासाठी जेवढा त्रास घेतला तेवढा तुम्ही त्याच्यासाठी घेतला नाहीत, हे त्याला दिसतं. म्हणून माझा एकच नियम आहे: प्रेक्षकांपेक्षा एक पायरी वर आणि गायकापेक्षा एक पायरी खाली. गायकाने साधा काळा शर्ट घातला असेल तर तुम्ही भरतकामाचा घालायचा नाही. काय घालतोय ते त्याला आदल्या दिवशी मेसेज करून विचारा. या प्रश्नावर कुणाला राग आलेला मी पाहिलेला नाही.

जीन्स गडद निळी किंवा काळी, न फाटलेली. रँगलरची १३ एमडब्ल्यूझेड हा इथला गणवेशच आहे. ती १९४७ साली आली, घोडेस्वारांसाठी. खोगिरावर ओरखडा पडू नये म्हणून तिचे रिव्हेट (खिशांवरचे धातूचे खिळे) चपटे असतात. पेडल स्टील (बसून, पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या लिव्हरांनी वाजवायची आडवी गिटार) वाजवणाऱ्यांनी मात्र खिशातला फोन आणि किल्ल्या आधी बाहेर काढाव्यात. गुडघ्याने लिव्हर ढकलताना ते आडवे येतात. बूटही त्यांनी अरुंद टोकाचे आणि पातळ तळाचे घ्यावेत, म्हणजे एक पेडल दाबताना शेजारचं दाबलं जात नाही.

शर्टाला मोत्यासारखी दाबबटणं असतात. ती पहिल्यांदा वेस्टर्न शर्टांना लावल्याचं श्रेय सहसा डेन्व्हरच्या रॉकमाउंट कंपनीच्या जॅक वाइल यांना देतात. कंपनी १९४६ची, आणि वाइल १०७ वर्षं जगले. शर्ट कशात अडकला तर बटण तुटण्याऐवजी उघडावं, ही त्यामागची सोय. वादकासाठी हीच बटणं धोक्याची आहेत. गिटारच्या पाठीवर ती ओरखडे काढतात, पट्ट्याचं मोठं बकल तर त्याहून जास्त. जुने गिटारवाले बकल कमरेवर बाजूला सरकवून ठेवतात ते यासाठीच. फिडलवाल्यांनी उजव्या बाहीला झालरी असलेलं जॅकेट कितीही आवडलं तरी घेऊ नये, झालर तारांत जाते. बोलो टायचं, म्हणजे गळ्यातल्या गोफाच्या टायचं, लटकणं लाकडावर टकटक वाजतं आणि वाद्यावरचा पिकअप (आवाज पकडणारा छोटा माइक) ते सगळ्या हॉलला ऐकवतो. लांब मंगळसूत्राचंही तेच. मी ते शर्टाच्या आत घालते आणि वरचं बटण लावते.

हॅटचं प्रकरण मोठं आहे. घालायचीच असेल तर नीट घाला, नाहीतर उघडं डोकं उत्तम. फिडलवालीला हॅट नसली तर कुणाचं काही अडत नाही. साधारण ईस्टरपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेपर्यंत गवती हॅट, बाकीचे महिने फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीची. जुलैत फेल्ट घालून गेलात तर हा माणूस आजच दुकानातून आलाय हे सगळ्यांना कळतं, शिवाय घामाने हाल होतात. ग्रीन हॉलमध्ये एसी नाही, हे लक्षात ठेवा. फेल्टच्या आत ४एक्स, ६एक्स असे आकडे असतात. ती प्रत्येक कंपनीची स्वतःची मोजपट्टी आहे. एका कंपनीचा सहा दुसरीच्या सहाशी लावू नका, हातात घेऊन बघा. दुकानात वाफेवर काठ आणि वरची घडी आकाराला आणून देतात, ते करून घ्याच. खोक्यातून काढलेली सपाट काठाची हॅट लग्नातल्या फोटोबूथची वाटते. खाली ठेवताना उलटी ठेवायची, काठ टेकवायचे नाहीत. पलंगावर ठेवणं अशुभ मानतात. दुसऱ्याच्या हॅटला हात लावायचा नाही, गमतीतही नाही. राष्ट्रगीताला ती उतरवायची. रोडिओच्या (काउबॉयांच्या घोडे-बैलांच्या खेळांच्या) कार्यक्रमात वाजवत असाल तर हे हमखास लागेल. आणि स्टेजवर दिवे वरून येतात, त्यामुळे काठाची सावली थेट डोळ्यांवर पडते. गाणार असाल तर हॅट जराशी मागे सरकवा, फोटोत तोंड दिसेल.

बूट महिनाभर घरात घालून मगच स्टेजवर आणा. टाचेमुळे उभं राहण्याचा तोल बदलतो आणि गजाचा हातही बदलतो. कोल्हापुरीचा मोह टाळा. स्टेजवर वायरी असतात, बिअर सांडते, आणि पायावर कधीतरी अँप्लिफायर येतो.

"आपण हे घातलं तर सोंग वाटणार नाही का?" हा प्रश्न प्रत्येक देशी पोर विचारतंच. हा पोशाख शिवला कुणी ते बघा. खडे आणि भरतकामाचे झगमगते सूट ज्याच्या नावाने ओळखले जातात तो नूडी कोन कीवमध्ये जन्मलेला शिंपी. त्याचं दुकान नॉर्थ हॉलिवूडमध्ये होतं. कंट्री गायक पोर्टर वॅगनरचे गाडीची चाकं भरलेले सूट त्याचेच. त्याच्याकडे काम केलेला आणि पुढे कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला दुकान थाटलेला मॅन्युएल क्वेव्हास मेक्सिकोतल्या मिचोआकानचा. वर सांगितलेली रँगलर जीन्स बेतणारा रोडिओ बेन पोलंडमधून आलेला. नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवरचं रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड, जिथे अजून जुन्या वळणाचं कंट्री वाजतं, त्याचा मालक आणि तिथल्या ब्राझिलबिली बँडचा गायक जेसी ली जोन्स ब्राझीलचा. म्हणजे बाहेरून आलेल्यांनीच उभारलेला बाजार आहे हा. तुम्ही मिरजेचे किंवा मालवणचे म्हणून वेगळी परवानगी लागत नाही. लोक कपड्यांची नीट निगा राखली आहे का ते बघतात.

याची दुसरी बाजूही आहे. कधीतरी कुणीतरी सुचवेल, "तू साडी नेसून वाजव ना, मस्त दिसेल." स्वतःचा कार्यक्रम असेल आणि मनात असेल तर नेसा. दुसऱ्याच्या बँडमध्ये मी नाही म्हणते. चौघं दाबबटणांच्या शर्टात आणि मी पैठणीत, मग लोक गाणं सोडून मला बघतात आणि गायकाच्या पोटावर पाय येतो. टिकली मात्र मी लावते. तो माझा रोजचा चेहरा आहे.

नावाचीही तयारी ठेवा. मध्यंतराआधी बँडलीडर सगळ्यांची ओळख करून देतो. तुमचं नाव तो चुकीचं म्हणणार, म्हणून आधीच उच्चारासारखं लिहून द्या. फक्त पहिलं नाव आणि गाव, आडनाव नको. नाव घेतल्यावर मान तुकवायची, चार सुरांची एक तान आणि गप्प.

गप्प बसणं हा या कामाचा मोठा भाग आहे. दोन गाण्यांच्या मध्ये काहीबाही वाजवत राहू नका. सूर लावायचा तर आवाज बंद करून, क्लिप ट्यूनरवर. गायक गात असताना मधल्या जागा भरायला फिडल आणि स्टील दोघंही टपलेले असतात, म्हणून वाटणी ठरलेली असते: पहिलं कडवं तुझं, दुसरं माझं. आपली पाळी नसताना हात खाली. आपल्याकडे साथीला सतत गायकाच्या मागे राहायची सवय असते, ती इथे मोडावी लागते. मला हेच सगळ्यात जड गेलं.

गाणी आकड्यांत लिहिलेली मिळतील. ही नॅशव्हिलची पद्धत जॉर्डनेअर्स या गायकांच्या गटातल्या नील मॅथ्यूज यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस काढली आणि वादक चार्ली मॅकॉय यांनी स्टुडिओत रुळवली. एक म्हणजे षड्जावरचा कॉर्ड, चार म्हणजे मध्यमावरचा, पाच पंचमावरचा. षड्ज कुठेही हलवा, आकडे तेच. सरगम शिकलेल्याला हे एका दुपारात जमतं, तेव्हा इथे आपण पुढे असतो. स्टेजवर पट्टी बोटांनी सांगतात: एक बोट वर म्हणजे जी, दोन वर डी, तीन वर ए, एक बोट खाली म्हणजे एफ, दोन खाली बी फ्लॅट. जितकी बोटं तितके शार्प किंवा फ्लॅट. म्हणून नजर सतत लीडरच्या हातावर ठेवा, तुमच्या बोटांवर किंवा फोनवर नको. चार्ट कागदावर आणलात तरी शोला शक्यतो पाठ असावं. म्युझिक स्टँडमागे लपलेला माणूस पाहुणा वाटतो.

नाचणाऱ्यांची एक गोष्ट विसरू नका. जोड्या फ्लोअरवर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरत असतात आणि टाळ्यांपेक्षा पुढच्या गाण्याची वाट बघतात. दोन गाण्यांत मोठा खंड पडला की फ्लोअर रिकामा होतो, आणि बार चालवणारा फ्लोअर बघूनच पुढच्या महिन्याचं ठरवतो. लय घसरवू नका. चुकलात तर चेहऱ्यावर आणू नका आणि ड्रमरकडे रोखून बघू नका, दोष त्याचा असला तरी.

दारूचं थोडक्यात: शो संपेपर्यंत पाणी. हँक विल्यम्ससारख्या मोठ्या कंट्री गायकालाही ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमाने ऑगस्ट १९५२मध्ये पिण्यापायी काढून टाकलं होतं. आपण तर शनिवारची फिडल.

गाडीत एक जादा शर्ट, काळे मोजे, तारांचा सेट, डीआय बॉक्स (वाद्य थेट साउंड सिस्टिमला जोडायची डबी), नऊ व्होल्टची बॅटरी आणि टॉवेल कायम असू द्या. फिडल मात्र गाडीत कधीच ठेवू नका. टेक्सासच्या उन्हात सरस मऊ पडतो आणि जोड उघडतात. जेवायला थांबलात तरी फिडलची पेटी खांद्यावर. लोड-इनची, म्हणजे सामान आत न्यायची, वेळ पाचची दिली असेल तर पावणेपाचला पार्किंगमध्ये असा, आणि सामान उचलायला ड्रमरला हात द्या. जाताना साउंडवाल्याचे नाव घेऊन आभार माना. दुसऱ्याच्या शोमध्ये स्वतःची कार्डं वाटू नका. "आमच्या लग्नात वाजवाल का?" असं कुणी विचारलं तर त्याला लीडरकडे पाठवा.

नॅशव्हिलच्या लोअर ब्रॉडवेचं गणित वेगळं. तिथे चार-चार तासांच्या पाळ्या असतात, सकाळी दहापासून रात्री दोनपर्यंत, आणि बरीचशी कमाई फिरत्या बादलीतल्या टिपांची. कपड्यांत तिथे आता टी-शर्ट आणि जाळीची टोपीही सर्रास चालते, रॉबर्ट्ससारखी ठिकाणं सोडून. बादली फिरवायची पाळी तुमची आली तर लाजू नका. हसून डोळ्यांत बघायचं आणि पुढच्या टेबलावर जायचं.

पैसे किती, कधी आणि टिपांची वाटणी कशी, हे होकार देण्याआधी मेसेजमध्ये लिहून घ्या. स्टेजवर किंवा प्रेक्षकांसमोर तो विषय काढायचा नाही. रोख मिळाले तरी ते उत्पन्नच, वर्षअखेरीला दाखवावं लागतं. तारा, रोझिन, पिकअप यांच्या पावत्या ठेवा, गाडीच्या मैलांची नोंद ठेवा आणि त्यातलं काय धरता येतं ते सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, विचारा. कपड्यांबाबत आयआरएसचं (इथल्या कर खात्याचं) म्हणणं असं की जे रोजच्या वापरात चालतं ते धंद्याचा खर्च नाही. खड्यांचा सूट बसू शकतो, रँगलर आणि बूट बसत नाहीत. हॅटचंही मी आशेने विचारून पाहिलं. आमची सीपीए टेक्सासचीच, तिने स्वतःच्या टेबलावरच्या हॅटकडे बोट दाखवलं आणि पुढची पावती मागितली.