नाल्यांचे पूरनकाशे काढताना या चुका टाळा

नाल्याकाठचा पूरनकाशा चुकला की खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. हेक-राससारखी पुराचं पाणी कुठवर जाईल ते काढणारी संगणक प्रणाली दिलेलं गणित बहुतेक वेळा बरोबरच सोडवते. गडबड असते ती आपण तिला दाखवलेल्या नाल्यात. शहरातलं पाणी जमिनीच्या उतारापेक्षा मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा), भिंती आणि पाइप यांचं जास्त ऐकतं, आणि उपग्रहावरून घेतलेल्या उंचीच्या माहितीत नेमक्या याच गोष्टी नसतात.

प्रत्येक रस्त्यामागे तळं, पुढे नाला कोरडा

हे दिसलं की मोरी राहून गेली असं समजा. डीईएममध्ये, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या चौकटीदार संगणकीय नकाशात, रस्त्याचा भराव दिसतो, त्याखालचं भोक दिसत नाही. संगणकाच्या लेखी तिथे धरणच असतं. यावर 'फिल सिंक' ही आज्ञा चालवून नकाशातले खड्डे बुजवणं हा उपाय सर्रास होतो आणि तोच सर्वांत वाईट. त्याने भरावामागची जमीन रस्त्याच्या पातळीपर्यंत उचलली जाते, पाणी साठायची जागा संपते आणि प्रवाह भलत्याच गल्लीत वळतो.

भराव चिरून वाट करून देणं त्यापेक्षा बरं, पण त्यातही मेख आहे. १.२ मीटर व्यासाच्या पाइपऐवजी नकाशाच्या चौकटींत १० मीटर रुंदीची उघडी चीर पडली, तर वरचा पूर गायब होतो आणि खालची वस्ती उगाच बुडते. म्हणून मोरी ही मोरी म्हणूनच भरा: आकार, लांबी, दोन्ही तोंडांची तळपातळी, तोंडाची ठेवण. ही मापं जुन्या आराखड्यातून उचलू नका. टेप घेऊन उतरा. आराखड्यात दीड मीटर उंची असते आणि प्रत्यक्षात खाली हातभर गाळ, वर पाण्याची आडवी पाइपलाइन. उरलेली फट कुठल्याच कागदावर नसते.

शिवाय मोरी तुंबते. १९९८च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग शहरात मोऱ्यांच्या तोंडाशी झाडझाडोरा आणि दगडगोटे अडकले आणि पाणी नाला सोडून भलतीकडे शिरलं. किमान दोन नकाशे काढाच: मोरी मोकळी असतानाचा आणि निम्मी बुजलेली असतानाचा. दुसऱ्यात ज्या घरांकडे पाणी वळतं, ती पहिल्यात बहुधा कोरडी असतात.

नाला नकाशात दिसतच नाही

अंतराळयानातल्या रडारने जगभर केलेल्या उंचीमोजणीचा, म्हणजे एसआरटीएमचा, एक चौकोन सुमारे ३० मीटरचा, नाला ६ मीटरचा. तो दिसणार कसा? त्यात ही मोजणी फेब्रुवारी २०००मधली. नंतर वळवलेले, भिंती बांधलेले नाले तिच्यात नाहीत. झाडांचे शेंडे आणि छपरंही तिला जमीनच वाटतात. ठरवून दिलेली उंचीची अचूकता १६ मीटरची, आणि आपला वाद अर्ध्या मीटरचा! असा डेटा पाणलोटाची (जिथलं पावसाचं पाणी नाल्यात येतं त्या क्षेत्राची) ढोबळ हद्द आखायला चालेल, पूररेषेला नाही. लायडार म्हणजे विमानातून लेझरने केलेली उंचीची मोजणी; चांगल्या लायडारची चूक १०-१५ सेंटीमीटरच्या आसपास असते, पण नेहमीचा लायडार पाण्याखालचा तळ पाहत नाही. नाल्याचे आडवे छेद सर्व्हे करूनच घ्यावे लागतात.

सगळं गावच पाण्याखाली किंवा सगळंच कोरडं आलं, तर आधी डेटम, म्हणजे उंची कशापासून मोजली तो आधार, तपासा. जीपीएसची उंची पृथ्वीच्या आकाराच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. हिंदी महासागरातल्या एका भागात हा फरक १०० मीटरच्या वर जातो.

पूर फारच किरकोळ येतो

बहुधा दिवसभराचा पाऊस २४ तासांत सारखा वाटलेला असतो. १०० हेक्टरचं पक्कं बांधलेलं पाणलोट घ्या, अपवाह गुणांक (पावसाचा वाहून जाणारा हिस्सा) ०.८. १२० मिलिमीटर पाऊस दिवसभर समान पसरला तर ताशी ५ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.१ घनमीटर पाणी. त्यातला ६० मिलिमीटर एका तासात पडला तर तेच १३.३ घनमीटर होतं. एवढंसं पाणलोट तासाभराच्या आतच सगळं पाणी नाल्यात आणून टाकतं, म्हणून पावसाच्या १५ मिनिटांच्या नोंदी हव्यात.

मॅनिंगचा 'एन', म्हणजे नाल्याच्या खडबडीतपणाचा आकडा, मात्र लोक उगाच चिवडत बसतात. गुळगुळीत काँक्रीटला ०.०१३, झाडोऱ्याच्या नाल्याला ०.०५ किंवा जास्त, एवढं भान बहुतेक ठिकाणी पुरतं. त्यापेक्षा नाला ज्या नदीला किंवा खाडीला मिळतो, तिथली पातळी बघा. तिथे पाणी चढलेलं असेल तर फुगवटा बराच वरपर्यंत येतो. खालच्या टोकाला डोळे मिटून 'नॉर्मल डेप्थ' (खालून अडथळा नसताना केवळ उतारावर ठरणारी खोली) दिली की तो नकाशातून नाहीसा होतो.

नकाशा जुळवताना आणि देताना

भिंतीवरच्या पुराच्या खुणांशी ताळा करताना खूण कोणत्या बाजूची आहे ते विचारा. सेकंदाला २ मीटर वेगाचं पाणी खांबाच्या पुढच्या तोंडावर सुमारे २० सेंटीमीटर जास्त चढतं. विटांत ओल वर झिरपते ती वेगळीच. घराच्या आतली शांत पाण्याची गाळरेघ सर्वांत भरवशाची.

फक्त खोली रंगवून नकाशा देऊ नका. मैदानात साठलेलं अर्धा मीटर पाणी आणि उताराच्या गल्लीतून सेकंदाला २ मीटर वेगाने धावणारं अर्धा मीटर पाणी एकाच निळ्या रंगात दिसतं. दुसऱ्यात धडधाकट माणसालाही उभं राहणं धोक्याचं असतं. खोली आणि वेग यांचा गुणाकार वेगळ्या थरात दाखवा. सूचीत '१०० वर्षांचा पूर' एवढंच लिहिलं तर लोक पुढची ९९ वर्षं निर्धास्त होतात. 'दर वर्षी १ टक्का, ३० वर्षांत सुमारे २६ टक्के शक्यता' असं लिहा, आणि त्याशेजारी मोऱ्या मोजल्याची तारीख.