वसंतात कुंडीतला हिरवा मसाला: या चुका टाळा

थंडी ओसरली की कोथिंबीर, पुदिना, तुळस, कढीपत्ता सगळं एकदमच लावावंसं वाटतं. गडबड तिथेच होते. आपल्याकडे वसंत जेमतेम महिना-दीड महिन्याचा, पाठोपाठ कडक ऊन. या दिवसांत कोथिंबिरीचा सोपा हंगाम संपत आलेला असतो, तर तुळशीचा आणि कढीपत्त्याचा सुरू होत असतो. दोघांना एकाच जागी ठेवून एकसारखं पाणी घालणं ही मूळ चूक.

कोथिंबीर उगवत नाही, उगवली तर लगेच तुरे येतात

अख्खा धणा हे फळ असतं, त्यात दोन बिया असतात. तो चपलेने किंवा लाटण्याने हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा आणि 10-12 तास पाण्यात भिजवा. डब्यातले जुने धणे बरेचदा उगवतच नाहीत, त्यामुळे ताजे घ्या. पेरणी एक सेंटिमीटर खोल करा. उगवायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. चौथ्या दिवशी माती उकरून बघू नका, कोंब मोडतात.

रोपं उपटून दुसरीकडे लावू नका. हिचं सोटमूळ दुखावलं की झाड घाबरून फुलावर येतं. पारा 30 अंशांच्या वर राहू लागला की तेच होतं. पानं बडीशेपेसारखी बारीक दिसू लागली, मधला दांडा उंच सुटला, की ती कुंडी परत पानांवर येणार नाही. तुरे खुडण्यात वेळ घालवू नका, दुसरी पेरा. एकदाच भरपूर पेरण्यापेक्षा दर 15 दिवसांनी थोडी पेरणी करा. मार्चपासून सकाळचं 3-4 तास ऊन पुरे, दुपारी 50 टक्के सावलीची हिरवी जाळी हवी.

माती आणि पाणी

नुसती लाल माती भरली की दोन महिन्यांत ती घट्ट बसते, पाणी कडेने वाहून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. चार भाग माती, तीन भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. ताजं शेण घातलंत तर कोवळी मुळं जळतात.

‘रोज एक तांब्या’ हा नियम सोडा. बोट एक पेर खोल घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. घालाल तेव्हा मात्र खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका.

पानं पिवळी पडली की लगेच खत घालणं ही पुढची चूक. आधी कुठली पानं पिवळी आहेत ते बघा. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय, मूठभर गांडूळखत घाला. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. बोअरच्या जड पाण्याने असं होतं. माती ओली असून झाड मलूल असेल तर मुळं कुजताहेत, अशा वेळी खत हानीच करतं.

पुदिना दुसऱ्या कशासोबत लावू नका, त्याची धावती खोडं सगळी कुंडी व्यापतात. बाजारच्या जुडीतली 10 सेंटिमीटरची काडी घ्या, खालची पानं काढा, पाण्यात ठेवा. मुळं फुटली की रुंद, उथळ कुंडीत लावा. पानांखाली नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा हा बुरशीचा रोग आहे, त्या फांद्या बुंध्यापासून कापून फेका.

कढीपत्ता मेला असं ठरवू नका

पुण्या-नाशिककडच्या थंडीत त्याची पानं गळतात. मेलं समजून लोक पाणी वाढवतात आणि मुळं खरंच कुजवतात. नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवट ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. फेब्रुवारीत शेंडे 5-7 सेंटिमीटर छाटा, फांद्या फुटतात. नव्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात, त्या फुलपाखराच्या असतात. दोन दिवसांत फांदी साफ करतात. हातानेच उचला. खाण्याच्या पानांवर कीटकनाशक नको, माव्यासाठी (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा.