वीर्यतपासणीला जाण्यापूर्वी

डॉक्टरांनी 'सीमेन अॅनालिसिस' लिहून दिलेली चिठ्ठी पुरुष पाकिटात ठेवतो आणि ती तिथेच महिनोन्महिने पडून राहते. तोवर बायकोच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, सगळं उरकलेलं असतं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि हे कायम बघतो. मूल राहत नसेल तर नवऱ्याची ही तपासणी सुरुवातीलाच करा. सुई नाही, भूल नाही, खर्चही बाकीच्या तपासण्यांच्या मानाने कमी.

सॅम्पल देण्याआधी किमान 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. संबंध, हस्तमैथुन, झोपेत होणारा वीर्यपात, सगळं यात धरा. 'जास्त दिवस साठवलं तर काउंट (शुक्राणूंची संख्या) चांगला येईल' असं पुष्कळांना वाटतं. पण फार दिवस थांबलं तर जुने, मंदावलेले शुक्राणू वाढतात. शेवटचा दिवस कोणता होता ते खरं सांगा, आम्ही ते रिपोर्टवर लिहितो.

आधी लघवी करून हात आणि लिंग साबणाने धुवा, कोरडं करा. सॅम्पल हस्तमैथुन करूनच आणि लॅबने दिलेल्या डबीतच घ्यायचं. तेल, थुंकी, साबण, क्रीम काही लावू नका, त्यांनी शुक्राणू मरगळतात. साधा निरोधही चालत नाही. आणि पहिला थेंब डबीबाहेर गेला तर लपवू नका. सुरुवातीच्या धारेतच सर्वाधिक शुक्राणू असतात, ती सांडली तर चांगल्या माणसाचा रिपोर्टही वाईट येतो. अशा वेळी किमान 2 दिवस सोडून पुढची तारीख मागून घ्या, कुणी काही म्हणत नाही.

लॅबच्या खोलीत जमत नसेल तर घरी घ्या, पण तासाच्या आत पोचवा. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. एक बाई नवऱ्याचं सॅम्पल बर्फात घालून घेऊन आल्या होत्या, दूध नासू नये म्हणून ठेवतात तसं. गारठलेल्या शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि आम्हाला ती मोजता येत नाही.

आता रिपोर्ट. त्यावरची प्रत्येक ओळ शरीरातल्या एकेका जागेबद्दल बोलते, म्हणून ती नीट समजून घ्या.

वीर्य म्हणजे सगळे शुक्राणूच, असा समज आहे. प्रत्यक्षात वृषणातून आणि अधिवृषणातून (वृषणाला चिकटलेल्या नळीच्या गुंडाळीतून) येणारा भाग शंभरात पाचाच्या आसपास. साधारण दोन तृतीयांश द्रव शुक्राशयांतून, म्हणजे मूत्राशयामागच्या दोन ग्रंथींतून येतो. त्यात फ्रुक्टोज ही साखर असते, ती शुक्राणूंची शिदोरी. उरलेलं बहुतेक मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचं. वीर्य बाहेर पडताच घट्ट होतं आणि तासाभरात पातळ होतं. पातळ करणारं द्रव्य प्रोस्टेटचं. म्हणून डबी आल्या आल्या आम्ही मोजायला बसत नाही, ते पातळ होण्याची वाट बघतो. उशीर होतोय म्हणून खिडकीशी येऊन घाई करू नका.

हे कळलं की वीर्य 1.4 मिलिलिटरपेक्षा कमी का, हा प्रश्न वृषणाचा नसून बहुधा शुक्राशयाचा किंवा वाटेचा आहे, हे लक्षात येईल. वीर्य कमी, आम्लधर्मी, फ्रुक्टोज नाही आणि शुक्राणूही नाहीत, असं एकत्र आलं तर पुढची वाट बंद असण्याची किंवा शुक्रवाहिन्या (शुक्राणू पुढे नेणाऱ्या नळ्या) जन्मतःच नसण्याची शक्यता असते. अशा माणसाच्या वृषणात शुक्राणू तयार होतही असतील. 'शून्य' वाचून घरी रडत बसण्यापेक्षा यूरॉलॉजिस्टकडे (मूत्रमार्ग आणि पुरुष जननेंद्रियांच्या डॉक्टरकडे) जा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आवृत्तीप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण हालचाल 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के आणि नीट आकाराचे 4 टक्के, या खालच्या मर्यादा. होय, 4 टक्केच. '96 टक्के खराब' म्हणून घाबरणारे रोज भेटतात. हे आकडे ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या तपासणीतून काढलेले आहेत, आणि त्यांच्यातल्याही शंभरातल्या पाच जणांचे आकडे या मर्यादांच्या खाली होते. तेव्हा आकडा थोडा कमी म्हणजे बाप होणार नाही, असा अर्थ काढू नका. आणि पौरुषाशी तर त्याचा काही संबंधच नाही.

एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यानंतर अधिवृषणातल्या गुंडाळलेल्या नळीतून जाताना तो पोहायला शिकतो. म्हणजे आजचं सॅम्पल तीन महिन्यांपूर्वीची हकीकत सांगतं. तेव्हा टायफॉइड, डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर तोही आज दिसतो. वृषणं शरीराबाहेर पिशवीत लोंबतात ती दोन-चार अंश गारवा मिळावा म्हणूनच. भट्टीसमोर काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

व्यायामशाळेत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर तेही सांगा. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना काम करण्याचा निरोप पाठवणं थांबवतो आणि काउंट शून्यापर्यंत जाऊ शकतो. दंड भरलेले तरुण हा रिपोर्ट हातात घेऊन सुन्न होतात. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, पण त्याला महिनोन्महिने लागतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवा.

हीच तपासणी नसबंदीनंतरही लागते. शुक्रवाहिनी कापली तरी पुढच्या भागात शुक्राणू उरलेले असतात. तीन महिन्यांनी सॅम्पल द्या आणि रिपोर्टमध्ये शुक्राणू नाहीत असं येऊन डॉक्टरांनी सांगेपर्यंत निरोध वापरत राहा.